म म्हणताना नाकाला बोट

रविवार, २ नोव्हेंबर

लेकीने ही वही आणून दिली. म्हणाली, "आई, दिवसभरात जे काय मनात येईल ते ह्यात लिही. माझ्यावर ओरडू नकोस." मी ओरडते म्हणे! एकतीस वर्षं गिरणीत माग चालवले, आवाज खणखणीत असणारच. ही वाचनालयात नोकरी करते, तिथे सगळे कुजबुजतात, आता घरी आल्यावरही हिचं तोंडातल्या तोंडात चालू असतं. आणि दोष माझा.

तर लिहिते. आज माझी पहिली फेरी झाली. गिरणी बंद होऊन बावीस वर्षं झाली. गावात काम उरलं नाही, तेव्हा नगरपालिकेला सुचलं की निदान लोकांनी गाव बघायला तरी यावं. स्टेशनाबाहेर फलक लावलाय, 'गावातील प्रेक्षणीय स्थळे'. त्यात गिरणीची चिमणी आहे, तलाव आहे, फाटकावरचं घड्याळ आहे, कामगारांच्या घरांच्या रांगा आहेत आणि टेकडीवरचा बाक आहे. बाक! बूड टेकायची फळी यादीत, आणि आमचं विणकाम खातं नाही. जिथे कापड निघत होतं तेवढं सोडून बाकी सगळं बघा.

खात्यात सहा माग उरलेत, त्यातले चार अजून चालतात. वीस तारखेला पर्यटन खात्याचे साहेब येणार आहेत. त्यांना पटलं तर आमचं खातं यादीत. नाही पटलं तर माग भंगारात आणि त्या जागी गाड्या लावायची सोय. हे कळल्यावर मी नगरपालिकेत जाऊन बसले आणि सांगितलं, दर रविवारी पाहुण्यांना गाव मी फिरवून दाखवते, फेरी खात्यात संपेल, चालते माग लोक डोळ्यांनी बघतील. हो म्हणेपर्यंत उठले नाही.

आज अकरा जण होते. चिमणीपाशी एका गृहस्थांनी हात करून काहीतरी विचारलं. उंचीच विचारणार, दुसरं काय. मी उंची सांगितली, विटा किती लागल्या ते सांगितलं, शेवटचा धूर कुठल्या दिवशी निघाला तेही सांगितलं. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत ऐकत राहिले आणि मधेच बायकोला घेऊन तलावाकाठच्या झुडपांकडे लगबगीने गेले. लोकांना इतिहासात रस म्हणून नाही.

माग मात्र चारही चालले, पानाची कृपा. पाना म्हणजे आमच्या खात्याचा मेकॅनिक. खिशात सदैव पाना, म्हणून गावभर हेच नाव. बायको गेल्यापासून दिवस खात्यातच काढतो, तेलपाणी करत. स्पष्ट बोलणारा असा गावात तो एकच उरलाय. बाकी सगळ्यांच्या तोंडात हल्ली काय असतं कोण जाणे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

कुकरची शिट्टी पुन्हा बदलली. ही तिसरी. पहिल्या दोन्ही वाजत नव्हत्या, वरण दोनदा करपलं. दुकानदार म्हणाला, "बाई, शिट्टी कधी बिघडते का?" आता ह्याने मला शिकवायचं.

दारावरच्या बेलचंही तेच. इलेक्ट्रिशियन आला, बटण दाबलं, माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "वाजतेय की." मी म्हटलं, "वाजतेय तर मला का नाही कळत?" तो लेकीकडे बघत राहिला. दोघांची काहीतरी नेत्रपल्लवी झाली. मेला लबाड.

रात्री जेवताना लेक म्हणाली, "कान तपासून घेऊ या." माझे कान! एकशे साठ माग धडधडत असताना कुठल्या मागाचा आडवा धागा नेणारा धोटा अडकलाय ते मी पाठमोरी सांगायचे. हात टेकवला की कळायचं, पायाखालची फरशी सांगायची. आणि हिने मला कान शिकवावेत. तो विषय मी कानामागे टाकला.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज चौदा जण, आणि आज खरी मजा आली. माग सुरू केले आणि मी पाहुण्यांना आमची खात्यातली बोली दाखवली.

चालू मागांपाशी आरडाओरडा करून उपयोग नसतो. शेजारच्याला शब्द कळत नाही, उलट ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात. म्हणून आम्ही सगळे बिनआवाजाचं बोलायचो. नुसते ओठ. चार माग पलीकडची बाई घरच्या सासूबद्दल काय सांगतेय ते इकडे पूर्ण कळायचं. पण एक घोळ होता. प आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. आमच्यातल्या एकीने नवऱ्याला मागाआडून सांगितलं, सुट्टी झाली की मीठ आण. तो पाच किलो पीठ घेऊन आला. भांडण इतकं झालं की जॉबरला, म्हणजे आमच्या मुकादमाला, मधे पडावं लागलं. त्या दिवसापासून खात्यात नियम झाला: म म्हणताना नाकाला बोट लावायचं. बोट असलं तर मीठ, नसलं तर पीठ. मिशा ओठांवर आल्या तर जॉबर कात्री दाखवायचा, तोही नियमच.

मग मी एका टोकाला आणि पाना दुसऱ्या टोकाला. पाहुण्यांपैकी एकाने पानाच्या हातात चिठ्ठी द्यायची, पानाने ओठांनी सांगायचं, मी इकडे मोठ्याने म्हणून दाखवायचं. सहाच्या सहा बरोबर आले. टाळ्या!

बाहेर आल्यावर पाना मला तेलाच्या डब्याचं काहीतरी सांगत होता. एक चिमुरडी त्याच्याकडे बोट करून आईला विचारत होती, "ह्या आजोबांचा आवाज का येत नाही?" मी म्हटलं, "बाळ, माग चालू असताना आवाज काढून काय उपयोग?" आईने तिला ओढून नेलं. घरी आल्यावर लक्षात आलं की माग तेव्हा बंद होते. असो. पोरीला उत्तर मिळालं ना.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दोन गोष्टी लिहायच्यात, दोन्ही कडू.

एक. फेरीनंतर पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही असते, ती काल चाळली. एकाने लिहिलंय, 'माग अप्रतिम. परंतु मार्गदर्शक बाई कुणाचंच ऐकून घेत नाहीत.' दुसरीने लिहिलंय, 'चार वेळा विचारलं तरी बाईंनी स्वच्छतागृह सांगितलं नाही, चिमणीची उंची मात्र पाठ झाली.' साहेब ही वही वाचणार. मी ते पान फाडायला घेतलं होतं, पण मग सोडलं. आपल्या हातून विणीत दोष राहिला तर ते कापडाचं ठाण दडवायचं नसतं, ही एकतीस वर्षांची सवय.

पण एवढं खरं, रात्रभर मनाला लागून राहिलं. माझ्यामुळेच खातं यादीत आलं नाही तर? पानाला विचारलं. तो म्हणाला, "पाहुणा बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत जा. चालता चालता मधेच उत्तर देऊ नकोस." म्हणताना बोट नाकाला लागत होतं, त्याची ती सवय काही सुटत नाही. सोपी गोष्ट होती. करीन.

दोन. लेकीने गोड बोलून मला कानाच्या दवाखान्यात नेलंच. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर ते डबे लावले. बाहेर एक मुलगा बटणं दाबतो, आत आवाज आला की आपण बटण दाबायचं. आवाज कसले, काही नाही. पण बटण दाबताना त्या मुलाचा खांदा हलत होता, ते काचेतून स्वच्छ दिसत होतं. खांदा हलला की मी दाबलं. अहवाल आला: वयाच्या मानाने उत्तम. लेकीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी मान जरा वर करून चालत राहिले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

लेक आठवडाभराच्या प्रशिक्षणाला गेली. जाताना म्हणाली, "फोन उचल गं." फोनमध्ये नुसती खरखर असते, मी घेत नाही. मेसेज कर म्हटलं.

परवा साहेब. फरशी घासून काढली. पानाने चारी माग खोलून पुन्हा बसवले. माझी निळी साडी इस्त्री करून ठेवलीय. छातीत धडधडतंय, पण ते चांगलंच आहे. पहिल्या दिवशी चार माग हातात दिले तेव्हाही असंच धडधडलं होतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

संपलं. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

साहेब अकराला आले. मिशा इतक्या की वरचा ओठ दिसायला नको. आमच्या जॉबरने दारातच कात्री काढली असती. पण माणूस सभ्य वाटला. चिमणी पाहिली, तलाव पाहिला, टेकडीवरच्या बाकावर पाच मिनिटं बसला. आमच्या मागून गावातले पंधरावीस जण चालत होते, गेल्या रविवारचे काही पाहुणेसुद्धा मुद्दाम आले होते. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते, पानाने सांगितल्याप्रमाणे.

खात्यात आलो. पानाने माग सुरू केले. काय चालले म्हणून सांगू! एक धागा तुटला नाही. साहेब शेवटच्या मागापर्यंत गेले, कापडाला हात लावून पाहिला, मग बरोबरच्या माणसाकडे वळून बोलले. त्यांना वाटलं असणार, ह्या धडधडाटात कोणाला कळतंय. मी तीन माग अलीकडे उभी होते. सगळं कळलं.

"हे सगळं नीट पाडायचं," असं म्हणाला तो साहेब. "सोमवारी माणसं पाठवतो."

मिशांमुळे मी चुकले असेन म्हणून पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. नाकाला बोट नाही, काही नाही. सरळ पाडायचं. आणि वर 'नीट' म्हणे! पाडायचं तेही नीट!

बाहेर अंगणात आलो. मला वाटलं, आता तोंडदेखलं काहीतरी गोड बोलेल. तर त्याने सगळ्यांसमोर उभं राहून तेच सांगितलं, बेलाशक, हसत हसत. "हे सगळं पाडायचं ठरवलंय." आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या! ज्यांच्या आयाबापांनी इथे हाडं झिजवली त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी पानाकडे पाहिलं. तोही टाळ्या वाजवत होता. डोळ्यांत पाणी आणि हात टाळ्या वाजवतायत.

मी तडक घरी आले. तो हाका मारत मागून आला असता तर थांबले असते. आला नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

रडून झालं. आता कामाचं.

सकाळी उजाडल्या उजाडल्या खात्यात गेले. चारी मागांचे धोटे काढून पिशवीत घातले. धोट्याशिवाय माग म्हणजे नुसतं लोखंड. दाराला माझं घरचं कुलूप लावलं, जुन्याच्या जोडीला. दोन्ही किल्ल्या गळ्यातल्या साखळीत अडकवल्या. पाडायचं असेल तर आधी मला उचला.

लेकीचा मेसेज: 'कसं झालं गं?' काय कळवू तिला? 'आल्यावर सांगते' एवढं पाठवलं. अर्ध्यावर सोडून धावत येईल, तिचं नुकसान नको.

पाना फिरकला नाही. लाज वाटत असेल.

शनिवार, २२ नोव्हेंबर

शेजारीण भाजी निवडता निवडता म्हणाली की पाना काल संध्याकाळी अर्धा तास माझ्या दारात बेल वाजवत उभा होता. खोटं. मी घरातच होते, दाराकडे पाठ करून धोट्यांना तेल लावत होते. बेल वाजली असती तर कळलं असतं की. ती बेल बिघडलेलीच आहे, किती वेळा सांगायचं.

दाराखालून सरकवलेली चिठ्ठी मात्र सापडली. पानाचं अक्षर. न वाचताच चुलीत टाकावी असं वाटलं, पण गॅस आहे, चूल कुठली. फाडून टाकली. चाळीस वर्षांची ओळख, आणि टाळ्या वाजवतो.

त्या टाळ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. आवाज आठवत नाही, नुसते हात दिसतात.

उद्या फेरी नाही. फाटकावर कागद लावला: 'सोमवारी खातं पाडणार आहेत. ज्यांना लाज आहे त्यांनी यावं.'

सोमवार, २४ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच पटणार नाही.

सातला खुर्ची घेऊन खात्याच्या दारात जाऊन बसले. मांडीवर धोट्यांची पिशवी. आठला माणसं जमायला लागली, माझा कागद वाचून. एकमेकांकडे बघत होती, माझ्याशी बोलायला धजत नव्हती. साडेआठला ट्रक आला. त्यातून फळ्या उतरल्या. परांची बांधणार, म्हटलं. एक माणूस माझ्यापुढे येऊन बोलायला लागला. त्याच्या तोंडात चार खिळे धरलेले. ओठ मिटलेले, खिळे हलतायत. काय कळणार कपाळ!

मी म्हटलं, "एक पाऊल पुढे टाकलंस तर तुझी हातोडी तुझ्याच गळ्यात बांधीन." तो मागे झाला. मग साहेबांची गाडी आली. साहेब बोलत होते, हात हलवत होते, मिशा हलत होत्या. मी म्हटलं, "मला सगळं माहितीय. गुरुवारी आतच कळलं मला, तुम्ही काय म्हणालात ते." ते माझ्याकडे बघतच राहिले. माणसं हसायला लागली. मला वाटलं, आता जीव गेला तरी चालेल पण ह्या खुर्चीवरून उठायचं नाही.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि पाना पुढे आला. जवळ आला नाही. वीस पावलांवर थांबला, पाय फाकवून, जसा खात्यात दुसऱ्या टोकाला उभा राहायचा. माझ्याकडे नीट तोंड केलं. उजव्या हाताचं बोट उचललं, नाकाला लावलं आणि म्हणाला,

"मांडायचं."

मला कळेना.

पुन्हा बोट नाकाला. "मांडायचं. हे सगळं नीट मांडायचं. काचेची कपाटं करून. हे सुतार आहेत. खातं यादीत आलं, बाई."

त्या साहेबाला बिचाऱ्याला कुठे माहीत होतं की म म्हणताना नाकाला बोट लावायचं असतं.

पण ते आत झालं. आत माग चालू होते. बाहेर अंगणात त्याने पुन्हा सांगितलं तेव्हा माग बंद होते. सगळ्यांनी ऐकलं. म्हणून तर टाळ्या.

मी आजूबाजूला पाहिलं. तीस-चाळीस माणसं बोलत होती, हसत होती, कोणी कोणाला हाक मारत होतं. तोंडं हलत होती. आणि आवाज नव्हता. एक घुमघुम होती तेवढी, नेहमीची. मला वाटायचं, ती मागांची कानात उरलीय, गिरणीतल्या सगळ्यांच्याच उरते. त्या घुमघुमीपलीकडे काहीच नव्हतं. कधीपासून नव्हतं? शिट्ट्या चांगल्याच होत्या. बेल चांगली होती. ती चिमुरडी, तो झुडपांकडे गेलेला माणूस, माझी लेक, सगळे चांगले होते.

लाज वाटली, तशी आयुष्यात वाटली नव्हती. आणि भीती वाटली. तरी उठले. खुर्ची बाजूला केली, गळ्यातल्या किल्ल्या काढून दोन्ही कुलपं उघडली आणि सगळ्यांकडे तोंड करून म्हटलं, "मला ऐकू येत नाही." केवढ्याने म्हटलं कोण जाणे. तलावावरचे बगळे उडाले असं पाना सांगतो.

साहेब जवळ आले. आता ते सावकाश, नीट ओठ हलवून बोलत होते, सभ्य माणूस आहे म्हटलं ना. म्हणाले, "बाई, तुमचं काम मोठं आहे. पण पाहुण्यांचे प्रश्न तुम्हाला कळणार नाहीत. आपण माहिती रेकॉर्ड करून ठेवू. पाहुण्याने बटण दाबलं की आवाज येईल. तुम्ही आराम करा."

आराम! मी पिशवी पानाच्या हातात दिली. "धोटे घाल. चारी चालू कर."

सगळे आत आले. माग सुरू झाले. फरशीतून ती धडधड तळपायांत चढली आणि मला धीर आला. साहेबांना खूण केली, विचारा काय विचारायचं ते. त्यांनी विचारलं, एका दिवसात किती कापड निघायचं. मी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. कानामागे हात धरून पुढे वाकले, पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. डोकं हलवलं त्यांनी. मी त्यांची वही घेतली आणि लिहून दिलं: 'तुम्ही विचारलंत दिवसाला किती कापड. उत्तर मी दोनदा दिलं. इथे बहिरे तुम्ही आहात. तुमचं बटणही इथे ऐकू येणार नाही.' खाली आणखी एक ओळ लिहिली: 'शेवटच्या मागापाशी ते दोन सुतार म्हणतायत की साहेबांच्या मिशांनी एक भिंत रंगवून होईल.'

साहेबांनी सुताराकडे पाहिलं. सुतार हातोडी मागे लपवायला लागला. मग साहेब असे हसले की मिशांआडून वरचा ओठ पहिल्यांदा दिसला.

बाहेर आल्यावर त्यांनी वहीत लिहून सही केली: फेरी बाईच घेतील. आणि मला म्हणाले, "पण कानांचं बघा."

मी म्हटलं, "बघते. तुम्ही मिशांचं बघा."

मंगळवार, २५ नोव्हेंबर

लेक आली. गावाने तिला स्टेशनावरच सगळं सांगितलं होतं. दारात मला मिठी मारून रडली. मी तिला खांद्याची गोष्ट सांगितली, काचेतून दिसणाऱ्या त्या मुलाच्या. आधी चिडली, मग हसली, मग पुन्हा रडली. म्हणाली, "दोन वर्षं सांगतेय आई, दोन वर्षं." मला दोन वर्षं ती पुटपुटतेय असं वाटत होतं, आणि ती घसा फोडून बोलत होती. तिच्या गळ्याच्या ताणलेल्या शिरा मला पहिल्यांदा दिसल्या. तिची माफी मागितली. आपल्या लेकरापाशी मान खाली घालायला मला कधी जमलं नव्हतं.

उद्या पुन्हा दवाखाना. ह्या वेळी काचेकडे पाठ करून बसणार.

रविवार, १४ डिसेंबर

कानाची मशीनं परवा मिळाली. दोन दिवस जगाने नुसता कल्लोळ केलाय. नळ गळतो. माझी चप्पल वाजते. कुकर शिट्टी मारतो तो इतका कर्कश की मी ताट टाकलं हातातलं. आणि लेक घरात काम करताना गुणगुणते. इलेक्ट्रिशियनला बोलावून चहा पाजला.

आज फेरीला सत्तावीस जण. फलकावर आता सगळ्यात वर विणकाम खातं आहे, बाक शेवटी. कोणी काही विचारायच्या आत स्वच्छतागृह दाखवून टाकलं. काचेच्या कपाटात जुने धोटे, हजेरीचे बिल्ले, जॉबरची कात्रीसुद्धा मांडलीय. मांडलीय! मागांपाशी पाहुणे दोन टोकांना उभे राहिले आणि बिनआवाजाचं बोलायला शिकले, प्रत्येकाचं बोट नाकाला. एक मोठ्या हुद्द्याच्या बाई नाकाला बोट लावून नवऱ्याला 'मूर्ख' म्हणत होत्या, तो इकडे 'पूर्ख' म्हणजे काय म्हणून विचारत होता, बोट बघायचंच विसरला.

सगळे गेल्यावर पाना जवळ आला आणि बोलायला लागला. मागांचं काहीतरी, पट्टा बदलायला हवा. सगळं कळत होतं, पण आवाज येत नव्हता. मी मशीनवर टिचकी मारली. बाहेर पाखरं ऐकू येत होती, पानाच्या पायाखालची वाळू ऐकू येत होती. पाना तेवढा ऐकू येत नव्हता.

"मशीन बिघडलं," मी म्हटलं.

तो चोरी पकडल्यासारखा खाली बघायला लागला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "किती दिवस?" मी विचारलं.

त्याने तीन बोटं दाखवली. दिवस नव्हेत, वर्षं.

तीन वर्षं. बाजारात, रस्त्यात, माझ्या दारात, हा माणूस माझ्याशी खात्यातल्यासारखा बोलत होता. नुसते ओठ. प्रत्येक म ला बोट नाकाला. लोक त्याला खुळा म्हणत असतील. म्हणून गावात स्पष्ट बोलणारा तो एकटा होता. म्हणून त्याच्याशी एकदाही पिठाचं मीठ झालं नाही. टाळ्या वाजवतो म्हणून मी त्याची चिठ्ठी फाडली होती.

मला रडू आवरेना, आणि आवरायचंही नव्हतं. "सांगितलं का नाहीस मला?"

तो ओठांनीच म्हणाला, "सांगितलं असतं तर तू माझ्याशी बोलणं सोडलं असतंस. तुझ्या नाकावर माशी बसत नाही."

"आवाज काढून सांग," मी म्हटलं. "मला ऐकायचाय."

त्याने घसा खाकरला. मग आवाज निघाला, बारीक, घोगरा, मी पार विसरून गेले होते तो आवाज.

"घरातलं मीठ संपलंय," तो म्हणाला. "देशील का वाटीभर?"

आवाज स्वच्छ येत होता, तरी बोट नाकालाच होतं.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "पीठ ना? देते की."